बेंजोवर मात्रा धरायची कशी



गौरीच्या जागरणाला गाण्यांना साथ हवी म्हणून आमच्या गटाने बेंजो घेतला. आपण बेंजो म्हणतो ते खरं तर बुलबुलतरंग. डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. जपानच्या नागोया शहरात १९१२ साली तयार झालेल्या तायशोगोतो या वाद्यावरून तो आला. म्हणजे आपल्या वरातीतला हा पाहुणा बराच लांबचा!

बटणं मला लवकर पाठ झाली. पण पहिल्याच जागरणात मी ढोलकीच्या पुढे पळाले. एकही स्वर चुकला नव्हता, तरी गाणाऱ्या बायका थांबून माझ्याकडे बघायला लागल्या. स्वर वाजला की मी लगेच पुढचं बटण दाबत होते, त्याची मात्रा पुरी होऊच देत नव्हते.

मात्रा म्हणजे दोन टाळ्यांमधलं सारखं अंतर. केरव्याच्या मात्रा आठ: धा गे ना ती, न क धि न. आधी वाद्य बाजूला ठेवा आणि हे बोल टाळी देत म्हणा. धान्य पाखडतानाही म्हणता येतात. मग डावा हात मोकळा ठेवून प्रत्येक मात्रेला फक्त नखी मारा. कंटाळा येतो, पण आठ दिवस एवढंच करा. नंतर हे घ्या:

सा – रे ग | म – – –

आडवी रेघ म्हणजे आधीचा स्वर आणखी एक मात्रा धरायचा. सा दोन मात्रा, रे आणि ग एकेक, म चार. घाई होते ती या 'म'वर. तारेचा आवाज लवकर विरतो, कानाला वाटतं स्वर संपला. बटण सोडू नका, बोट उचललं की मोकळी तार मध्येच बोलते. बटण दाबूनच मनात चार मोजा, आवाज टिकवायला नखी हलकेच चालू ठेवा. पुस्तकात दोन स्वरांखाली चंद्रकोरीसारखी खूण असेल, तर ते दोन्ही मिळून एकच मात्रा.

वाजवताना चुकलात तर मागे जाऊन दुरुस्त करू नका. ढोलकी ऐकत राहा, पुढच्या पहिल्या मात्रेला परत शिरा. चुकलेला स्वर कुणाच्या लक्षातही राहत नाही. तुम्ही थांबलात, तर फुगडी घालणारीचे पाय अडखळतात.

पुढच्या भागात सहा मात्रांचा दादरा घेऊ. वही जवळ ठेवा.