धारपांची गोष्ट सांगणारे

सानगडीहून साकोलीला यावं आणि तिथून पिटेझरीचा रस्ता धरावा, म्हणजे नागझिऱ्याचं जंगल लागतं. व्यंकटेश माडगूळकरांनी या जंगलाच्या नावानंच पुस्तक लिहिलं आणि मारुती चितमपल्लींनी नवेगाव-नागझिऱ्याचा हा सगळा पट्टा मराठी वाचकाच्या ओळखीचा करून दिला. निसर्गलेखनात नागझिऱ्याची जागा त्यामुळे पक्की आहे. मराठी भयकथेच्या इतिहासातही त्याला जागा द्यावी लागते, हे मात्र फारसं कुणी ध्यानात घेत नाही. ‘तुंबाड’ या चित्रपटाचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलेली हकीकत अशी : १९९३ मध्ये, शाळकरी वयात, ते नागझिऱ्यात असताना एका मित्रानं त्यांना भयकथाकार नारायण धारपांची एक कथा सांगितली आणि त्यांची भीतीनं गाळण उडाली. काही वर्षांनी त्यांनी ती कथा स्वतः वाचली, तेव्हा ती त्यांना बेताचीच वाटली. आपल्याला घाबरवलं ते मित्राच्या सांगण्यानं, असं त्यांच्या लक्षात आलं. ‘तुंबाड’चा पहिला मसुदा १९९७ चा आणि चित्रपट पडद्यावर आला १२ ऑक्टोबर २०१८ ला. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचा मुलगा छापील कथेनं न घाबरता सांगीव कथेनं घाबरावा, यात एक गंमत आहे खरी.

ही हकीकत सहसा धारपांच्या विरोधात वापरली जाते. मला ती त्यांच्या बाजूची वाटते. धारपांची कथा ही वाचकानं दुसऱ्याला सांगण्यासाठी केलेली रचना आहे. तिची भीती कागदावर अर्धी असते आणि उरलेली चाहत्याच्या तोंडी पुरी होते. धारपांचे चाहते एकत्र आले की काय करतात, हे पाहिल्याशिवाय या लेखकाचं मोजमाप करताच येत नाही. समीक्षेनं पुस्तक पाहिलं, चाहता पाहिला नाही, आणि म्हणून तिचा निवाडा अपुरा राहिला.

मराठीतल्या लोकप्रिय रहस्य-भय लेखकांचे चाहते आपापल्या परीनं वेगळे आहेत, आणि हा वेगळेपणा लेखनातूनच येतो. बाबूराव अर्नाळकरांच्या नावावर हजाराहून जास्त पुस्तकं. त्यांचा चाहता काळापहाड आणि झुंजार यांच्याबद्दल बोलतो, कुठलं पुस्तक वाचलं नि कुठलं राहिलं याचा हिशेब मांडतो. एखाद्या कथेचं कथानक मात्र त्याला सलग क्वचितच सांगता येतं, कारण एक कथा दुसरीत मिसळून गेलेली असते. सुहास शिरवळकरांचा, म्हणजे ‘सुशिं’चा चाहता संवाद म्हणतो. दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, अमर विश्वास या मंडळींचा रुबाब त्यांच्या बोलण्यात आहे आणि तो उचलायला सोपा आहे. रत्नाकर मतकरींची गूढकथा शेवटच्या कलाटणीवर उभी असते. तिचा चाहता समोरच्याला म्हणतो, ‘सांगत नाही, वाच.’ कारण सांगितली की संपली. धारपांचा चाहता ‘ऐक’ म्हणतो. ‘लुचाई’त काय होतं, ‘४४० चंदनवाडी’त काय होतं, हे तो सुरुवातीपासून सांगायला बसतो, आणि ऐकणाऱ्यालाही शेवट आधी कळल्याचं दुःख होत नाही.

हे का जमतं ते धारपांच्या पानावरच दिसतं. त्यांचं वाक्य साधं, जवळजवळ कचेरीतल्या टिपणासारखं असतं. निवेदक बहुधा नोकरदार, शिकलेला, भुताखेतांवर विश्वास नसलेला. घर, भाडं, शेजारी, ऑफिसची वेळ यांचे तपशील आधी येतात; विपरीत घडतं ते त्यानंतर, आणि तेही एका वेळी एकच पायरी. अघोराशी लढणाऱ्या समर्थ या नायकाच्या कथांत तर अप्पांसारखा साक्षीदारच बाजूला बसवलेला आहे : समर्थ काय करतात ते त्यानं पाहायचं आणि आपल्याला सांगायचं. म्हणजे कथेच्या आतच एक सांगणारा आहे. बाहेरच्या सांगणाऱ्यानं फक्त त्याची जागा घ्यायची. जी. ए. कुलकर्णींची कथा अशी सांगून पाहा. हाती घटनांचा सांगाडा उरतो, कारण तिचा सारा जीव शब्दांत आहे. धारपांचा जीव क्रमात आहे. क्रम लक्षात ठेवता येतो आणि शब्द सांगणाऱ्यानं आपले घालायचे असतात. पुण्यातला वाडा भंडाऱ्यातला होतो, गल्लीच्या जागी तलावाची पाळ येते, कथेचं काही बिघडत नाही. धारपांचं अघोर मुंजा-हडळीसारखं एखाद्या झाडाला बांधलेलं नसतं. ते ओळखीच्या जगाच्या पलीकडून येतं, म्हणून कुठल्याही गावात उतरू शकतं.

साकोली-नागझिरा ज्या झाडीपट्टीत येतं, तिथं ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. भाऊबीजेपासून साकोली तालुक्यात आणि आजूबाजूला मंडया भरू लागतात. दिवसा बाजार आणि दंडार हे लोकनाट्य, रात्री नाटक. वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव जातात, प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि उजाडता संपतो. दंडारीत बाईचं काम पुरुष करतो, हे समोरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी रडायच्या जागी प्रेक्षक रडतो. ऐन प्रयोगात कुणाचं तरी नाव घेऊन टोला मारला जातो, गावातली ताजी भानगड आत येते, आणि मूळ कथा तरीही शाबूत राहते. इथल्या रसिकाच्या लेखी संहिता ही कामाची सुरुवात असते. नागझिऱ्यातल्या त्या मित्रानं धारपांशी जे केलं, ते याच पठडीतलं. तो मित्र या भागातला होता असं मला म्हणायचं नाही. पुस्तकातली भीती माणसाच्या आवाजात उतरवण्याची रीत जिथं रोजच्या सवयीची आहे, तिथं धारपांच्या चाहत्याला ‘हलकं वाचणारा’ म्हणून कुणी हिणवणार नाही, एवढंच.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यांत जड आक्षेप उसनवारीचा. ‘लुचाई’मागे स्टीफन किंग यांची ‘सेलम्स लॉट’ आहे, ‘शपथ’मागे ‘इट’ आहे, आणि ‘तुंबाड’मधल्या आजीचा माग धारपांच्या ‘आजी’ या कथेवरून किंग यांच्या ‘ग्रॅमा’पर्यंत जातो. यावर ‘त्या काळी इंग्रजी पुस्तकं मिळत तरी कुठं होती’ हे चाहत्यांचं ठरलेलं उत्तर. ते लंगडं आहे. पुस्तकं मिळत नव्हती म्हणून ऋण फिटत नाही. जिथं ऋण आहे तिथं ते पहिल्या पानावर छापलं पाहिजे, आणि साकेत प्रकाशनासारख्या संस्था धारपांची पुस्तकं नव्यानं काढत असताना हे करणं अवघडही नाही. पण उसनवारी सिद्ध झाली म्हणजे कथा निकालात निघाली, असं होत नाही. ‘ग्रॅमा’त ज्याचं नाव घेतलं जातं तो हॅस्टर किंग यांचाही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अ‍ॅम्ब्रोज बिअर्स यांच्या कथेत तो मेंढपाळांचा देव होता; तिथून तो रॉबर्ट चेंबर्सकडे गेला, मग लव्हक्राफ्ट आणि त्यांच्या मंडळींकडे, मग किंगकडे. ‘तुंबाड’मध्ये तो हस्तर होऊन कोकणातल्या वाड्याखाली जाऊन बसला, पिठाच्या बाहुलीवर तुटून पडू लागला, आणि लोभाची गोष्ट झाला. भयकथा अशीच हातोहात जाते. यात ज्यांनी नाव सांगितलं ते प्रामाणिक, ज्यांनी लपवलं ते नाहीत. नागझिऱ्यातल्या मित्रानं ‘ही धारपांची’ असं सांगितलं असावं. नाहीतर बर्वे पुढे ती शोधून वाचणार कशी?

दुसरा आक्षेप विवेकवाद्यांचा, आणि या भागात तो सहज झटकता येत नाही. जादूटोण्याच्या संशयावरून माणसं मारली गेली आहेत, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्राला त्याविरुद्ध कायदा करावा लागला आहे. अशा ठिकाणी मंत्रसामर्थ्यानं अघोराचा पाडाव करणाऱ्या समर्थांचं कौतुक कशाला? आक्षेपातला एक भाग मला मान्य आहे : समर्थकथांतली शास्त्राची भाषा, कंपनं, मिती, शक्ती वगैरे, मांत्रिकाला सुशिक्षित कपडे चढवते. तरीही गोष्ट आणि अफवा यांत एक फरक आहे. अफवेला पत्ता असतो. ती गल्लीतल्या अमक्या म्हातारीचं नाव घेते आणि तिला शेवट नसतो. धारपांची गोष्ट सांगणारा कल्पित माणसाचं नाव घेतो, पुस्तकाचं नाव घेतो, आणि संपवतो. ऐकणारे मग त्यावर वाद घालतात, तू हा भाग वाढवून सांगितलास म्हणून पकडतात. भीतीची तपासणी करायला शिकवणारी ही बैठक आहे. चकव्याच्या भीतीनं वाट सोडणारा माणूस असा वाद घालत नाही.

तिसरा आक्षेप स्मरणरंजनाचा. फिरती वाचनालयं गेली, ‘नवल’सारख्या मासिकांचा जमाना गेला, ‘धनंजय’ आणि ‘चंद्रकांत’ हे दिवाळी अंक वर्षातून एकदा येतात. धारपप्रेम म्हणजे आता पन्नाशीतल्या वाचकांचं उसासे टाकणं, असं म्हटलं जातं. आकड्यांच्या बाजूनं एकच गोष्ट नोंदवतो. ‘तुंबाड’ १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा प्रदर्शित झाला आणि त्यानं पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवला. मधल्या सहा वर्षांत बघितलेल्यांनी न बघितलेल्यांना तो सांगितला होता. हा सगळा प्रेक्षक धारपांचा नव्हे. त्यातल्या बहुतेकांनी धारपांचं नावही ऐकलं नसेल. पण कथा पसरण्याची रीत तीच आहे आणि ती वयस्कांची मक्तेदारी नाही. ध्वनिपुस्तकं आल्यावर ती संपेल असं वाटत होतं. मला उलट दिसतं. ध्वनिपुस्तक शब्दाला शब्द वाचतं, म्हणून ते वाचनाच्या जवळचं आहे. वाढवून-घटवून सांगणारा मित्र त्याहून वेगळा.

या सगळ्यात एक काम राहून गेलं आहे. झाडीबोलीचे शब्द, दंडारीची गाणी, खडी गंमत यांच्या संकलनासाठी साकोलीत डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्यांनी आयुष्य घातलं. छापील पुस्तकातून तोंडावर आलेली गोष्ट मात्र लोककथाही मानली जात नाही आणि साहित्यही नाही, त्यामुळे तिची नोंद कुणीच ठेवत नाही. ती ठेवायची तर पहिला प्रश्न असा विचारावा : सांगणारे धारपांतलं काय गाळतात? माझा अंदाज आहे की समर्थ गाळले जात असावेत. पानावर ते हवेच असतात, कारण वाचक एकटा असतो आणि त्याला कुणीतरी सोडवायला यावं लागतं. जंगलात चारजण शेकोटीभोवती बसलेले असले की सोबत असतेच, सोडवणारा कशाला? बर्व्यांनी पडद्यावर नेलेल्या गोष्टीतही कुठलाच समर्थ येत नाही. बापाला जाळायचं काम मुलालाच करावं लागतं.