एसजीपीटी वाढले म्हणजे नेमके काय झाले?

गेल्या वर्षी आमच्या बँकेने चाळिशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्यांची आरोग्य तपासणी करविली. उपाशीपोटी रक्त दिले आणि दोन दिवसांनी पाकीट हाती आले. साखर ठीक, हिमोग्लोबिन ठीक, आणि मग एका ओळीत ठळक अक्षरांत छापलेले : एसजीपीटी ७८, सर्वसाधारण मर्यादा ४० पर्यंत. शेजारच्या काउंटरवरील सहकाऱ्याने डोकावून पाहिले आणि म्हणाला, "काय राव, लपूनछपून चालू आहे वाटतं!" आम्ही ते हसण्यावारी नेले. घरी मात्र ते हसण्यावारी गेले नाही. आमच्या वडिलांना दारूने नेले. त्यामुळे आमच्या घरात आजही बाटलीचा विषय कोणी काढीत नाही. सौ.नी रिपोर्ट वाचला, घडी करून पाकिटात ठेवला आणि रात्री जेवण वाढताना एकच विचारले, "खरं सांगा, बँकेतल्या पार्ट्यांत घेता का हो थोडी?" आम्ही आयुष्यात थेंबाला शिवलो नाही हे त्या जाणतात. तरीही एका आकड्याने तो प्रश्न त्यांच्या तोंडून वदविला.

त्या प्रश्नापोटी हा लेख लिहीत आहोत. आम्ही काही डॉक्टर नव्हे. कला शाखेचे पदवीधर आणि पोटापाण्यासाठी आकड्यांची नोंद ठेवणारे कारकून. परंतु त्यानंतरच्या सहा महिन्यांत डॉक्टरांना विचारून व थोडेफार वाचून जे समजले, ते सभासद बंधू-भगिनींपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवावेसे वाटते.

यकृत म्हणजे उजव्या बरगड्यांखालचा सुमारे दीड किलो वजनाचा अवयव. पित्त तयार करणे, साखर साठविणे, औषधे व विषारी द्रव्ये निकामी करणे ही कामे त्याच्या पेशींत अहोरात्र चालतात. त्यासाठी पेशींत जी रसायने असतात त्यांना शाळेच्या पुस्तकात विकरे म्हणतात. एसजीपीटी व एसजीओटी ही त्यांपैकी दोन. हल्लीच्या रिपोर्टांत एएलटी व एएसटी अशी नावे दिसतात ती यांचीच. ही विकरे पेशीच्या आत असावयाची. पेशीला इजा झाली, सूज आली की ती रक्तात गळतात.

आमच्या धंद्यातले उदाहरण द्यावयाचे तर, बँकेबाहेरच्या रस्त्यावर नोटा उडताना दिसल्या तर तिजोरीच्या भिंतीला कोठेतरी तडा गेला आहे एवढे कळते. आत शिल्लक किती आहे हे रस्त्यावरच्या नोटा मोजून कळत नाही. शिल्लक पाहावयाची तर रिपोर्टातील इतर ओळी पाहाव्या लागतात : अल्ब्युमिन, बिलिरुबिन, आणि रक्त गोठण्यास लागणारा वेळ. ही खरी यकृताच्या कामाची मोजणी. आणि याचेच दुसरे टोक भयंकर आहे. यकृत आकसून कठीण झाले, म्हणजे ज्याला सिऱ्हॉसिस म्हणतात ते झाले, की पुष्कळदा एसजीपीटी मर्यादेतच दिसते, कारण गळावयाला निरोगी पेशीच फारशा उरलेल्या नसतात. वडिलांच्या शेवटच्या आजारातले कागद आम्ही परवा पुन्हा काढून पाहिले. एसजीपीटी ३६. त्या वेळी तो आकडा पाहून आम्ही आईला सांगितले होते की, लिव्हर नॉर्मल आहे. त्याखालची अल्ब्युमिनची ओळ आम्ही वाचलीच नव्हती.

एसजीओटीबाबत एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवडेल. रक्तातील या विकराचे महत्त्व न्यूयॉर्क येथील डॉक्टरांना १९५४-५५ च्या सुमारास प्रथम लक्षात आले ते यकृताच्या नव्हे, हृदयविकाराच्या रुग्णांत. कारण हे विकर हृदयाच्या व हातापायांच्या स्नायूंत आणि तांबड्या रक्तपेशींतही असते. एसजीपीटी मात्र मुख्यतः यकृताचे. म्हणून नुसते एसजीओटी वाढले असेल तर डॉक्टर स्नायूंकडेही पाहतात. जिममध्ये जड वजने उचलणाऱ्या तरुणांचे दोन्ही आकडे काही दिवस वर राहू शकतात. तपासणीपूर्वी आठवडाभर जोरकस व्यायाम टाळावा आणि केला असेल तर सांगावे. तसेच अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर वाढत्या हाडांतूनही येते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचे ते मोठ्या माणसाच्या मर्यादेपेक्षा पुष्कळ जास्त दिसले तर बहुधा मुलगा उंच होत आहे इतकाच त्याचा अर्थ.

मर्यादेचेही एक गणित आहे. प्रयोगशाळा साधारणतः अशी मर्यादा ठरवितात की, निरोगी माणसांपैकी मधली ९५ टक्के माणसे तिच्यात बसावीत. म्हणजे धडधाकट असूनही काही माणसे तिच्याबाहेर राहणारच. शिवाय किती पट वाढ आहे हे महत्त्वाचे. मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट ही सौम्य वाढ. दूषित पाण्यातून होणाऱ्या कावीळीत, म्हणजे हेपॅटायटिस ए व ई मध्ये, हेच आकडे हजारांवर जातात. दिल्लीत १९५५-५६ मध्ये सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळून सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. तिचे जपून ठेवलेले रक्तनमुने पुढे तपासल्यावर ती हेपॅटायटिस ई ची साथ होती असे निष्पन्न झाले.

आता दारूचा प्रश्न. दारूने यकृत बिघडते तेव्हा बहुधा एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक असते. आमचे उलट होते : एसजीपीटी ७८, एसजीओटी ४९. ही ठेवण मेदयुक्त यकृताची, म्हणजे फॅटी लिव्हरची. अर्थात एवढ्यावरून कोणी कोणाला दोषी किंवा निर्दोष ठरवू नये. कोणत्याही कारणाने यकृत फार कठीण झाले की हे प्रमाण उलटते. आमच्या सोनोग्राफीतही फॅटी लिव्हरच निघाले. कारण पोटाचा घेर, बैठे काम, दिवसाला साखरेचे सहा चहा आणि संध्याकाळचे फरसाण. २०२३ मध्ये तज्ज्ञांनी या विकाराचे नावच बदलून ते चयापचयाशी जोडले, ते याच कारणाने. त्याआधी २०२१ मध्ये केंद्र सरकारने मधुमेह, हृदयरोग व कर्करोगासाठी असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याचा समावेश केला होता. दारू न पिणाऱ्यालाही हा विकार होतो, ही गोष्ट प्रत्येक घरातील बायकामाणसांना सांगितली पाहिजे. पुष्कळ घरांतील विनाकारण भांडणे वाचतील.

डॉक्टरांनी कागदावर एक हिशेब मांडला तो आम्हांला फार पटला. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट हजारांत गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ. आमचे वय ४७, प्लेटलेट २ लाख २० हजार. उत्तर आले १.१९. पासष्टीच्या आतील माणसाचे उत्तर १.३ पेक्षा कमी आले तर यकृत कठीण झाले असण्याचा संभव थोडा. याला फिब-४ म्हणतात. पस्तिशीच्या आतील तरुणांना हा हिशेब नीट लागू पडत नाही, आणि घरी हिशेब करून डॉक्टरांकडे जाणे टाळू नये.

फॅटी लिव्हरवर समाधान मानण्यापूर्वी डॉक्टरांनी हेपॅटायटिस बी व सी ची तपासणी करविली. आपल्या लोकांत याविषयी अज्ञान फार. हे विषाणू रक्तातून, न उकळलेल्या सुईतून, शरीरसंबंधातून पसरतात, आणि हेपॅटायटिस बी विशेषतः आईकडून बाळाला जातो. एकत्र जेवल्याने, हात मिळविल्याने पसरत नाहीत. वर्षानुवर्षे काहीच त्रास होत नाही, कधी कधी किंचित वाढलेले एसजीपीटी एवढीच खूण. हेपॅटायटिस सी आज साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतांश रुग्णांत समूळ बरा होतो. बी ताब्यात ठेवता येतो, आणि त्याची लस आहे. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली या दोहोंची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत मोफत आहेत. ज्या विद्यार्थ्यांना लहानपणी लस मिळालेली नाही, विशेषतः नर्सिंग किंवा लॅबचा अभ्यासक्रम करणाऱ्यांनी, तिचे तीन डोस घ्यावेत.

औषधांबाबत थोडे अधिक लिहितो, कारण गफलत येथेच होते. आकडा वाढला की कोणीतरी लिव्हर टॉनिक सुचविते, कोणी काढा. डॉक्टरांनी आम्हांला उलट विचारले, "आधीच काय काय घेताय ते सांगा." करोनाच्या काळात रोज गुळवेलीचा काढा घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला हेही सांगितले पाहिजे. आमचे मत एवढेच की, आकडा वाढलेला असताना झाडपाल्याचेही औषध डॉक्टरांपासून लपवू नये. उलट क्षयाच्या औषधांनी आकडे थोडे वर जाणे नेहमीचे आहे. आमच्या वस्तीतील एका मुलाने एसजीपीटी ७० पाहून गोळ्या आपल्या मनानेच बंद केल्या आणि क्षय पुन्हा उसळला. त्याला उलटी नव्हती, कावीळ नव्हती. अशा वेळी सहसा रक्त वरचेवर तपासून औषध चालूच ठेवतात. उलट्या, गडद लघवी किंवा डोळे पिवळे दिसले तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आम्हांला औषध दिलेच नाही. वजन सात ते दहा टक्के उतरवा म्हणाले. ८२ किलोचे ७६ करावयास सहा महिने लागले. चहाची साखर गेली, स्टेशनपासूनची रिक्षा गेली. जुना व नवा, दोन्ही रिपोर्ट सोबत नेले, कारण एकट्या आकड्यापेक्षा त्याची चाल अधिक सांगते. नवे एसजीपीटी ४६. डॉक्टर म्हणाले, छान, पुढच्या वर्षी पाहू.

घरी सौ.नी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. म्हणाल्या, "मर्यादा चाळीस लिहिली आहे, सहा अजून जास्त आहेत. फरसाण इतक्यात आणायचं नाही." बँकेत आमच्याऐवजी त्याच लागावयास हव्या होत्या.