तीन आणि चार किती?

गेल्या वर्षी माझ्या कन्येचे विज्ञानातले दोन गुण गेले, आणि ते मी घालवले. ती तेव्हा नववीत होती. चाल आणि वेग यांत फरक काय, असे तिने विचारले, तेव्हा वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या तोऱ्यात मी सांगून टाकले, "अगं, फरक कसला? दोन्ही एकच!" बिचारीने चाचणीत तेच लिहिले. उत्तरपत्रिका घरी आली तेव्हा ती रडली नाही. "बाबा, यापुढे विज्ञानाचं मी तुम्हांला विचारणार नाही," एवढेच म्हणाली. वाचकहो, रडली असती तर बरे झाले असते!

रात्री सर्व निजल्यावर मी तिचे पुस्तक उघडले. चाल ही अदिश राशी. ताशी पाच किलोमीटर म्हटले की काम संपले. वेग सांगताना मात्र कोणत्या दिशेने हेही सांगावे लागते, म्हणून तो सदिश. अंतर आणि विस्थापन यांचेही तसेच. मी रोज तीन किलोमीटर चालत महाविद्यालयात जातो आणि तितकाच चालून घरी येतो. अंतर सहा किलोमीटर, विस्थापन शून्य! हे सौभाग्यवतींना ऐकवले तेव्हा त्या म्हणाल्या, "हे मला लग्नानंतर लगेच कळलं होतं."

सदिश म्हणजे दिशेसह, अदिश म्हणजे दिशेवाचून. इतकी सुबक नावे पाहून भाषेच्या माणसाला वाटणारच की विषय समजला. इंग्रजीतले 'व्हेक्टर' आणि 'स्केलर' हे शब्द आयर्लंडचे गणिती हॅमिल्टन यांनी १८४० च्या दशकात गणितात आणले. त्यांतला 'व्हेक्टर' मूळचा लॅटिन, अर्थ वाहून नेणारा, आणि त्याचा धातू आपल्या संस्कृत 'वह्' धातूचा सख्खा भाऊ. ही व्युत्पत्ती मी दुसऱ्या दिवशी आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकमित्रांना मोठ्या ऐटीत सांगितली.

त्यांनी शांतपणे चहा संपवला. मग विचारले, "म्हणजे जिला दिशा आहे ती राशी सदिश?"

"अर्थात!"

"मग तारेतल्या विद्युतधारेला दिशा असते ना? तरी ती अदिश आहे."

मी गप्प. ते म्हणाले, "नुसती दिशा असून भागत नाही. बेरीज कशी होते ते पाहा. एका तारेतून तीन आणि दुसरीतून चार अँपिअर येऊन तिसरीत मिळाले, तर तारा कोणत्याही कोनात जोडा, पुढे सातच जाणार. पण एकच ओंडका दोघांनी तीन आणि चार न्यूटन बलाने ओढला, तर?"

दोघे एका दिशेने ओढतील तर सात. एकमेकांविरुद्ध ओढतील तर एक. काटकोनात ओढतील तर पाच, कारण तीन आणि चार या बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण पाच असतो. तीन आणि चार यांची बेरीज एकापासून सातापर्यंत काहीही! जिथे बेरीज अशी त्रिकोणाने करावी लागते, ती राशी सदिश. हे काही 'सदिश' या शब्दात लिहिलेले नाही.

आणि मला मामाच्या गावची खाडी आठवली. ओहोटीच्या वेळी नावाडी होडीचे तोंड समोरच्या धक्क्याकडे न धरता बरेच वरच्या अंगाला, माडांकडे धरी. हा वाट चुकला, अशी लहानपणी माझी खात्री असे. आता हिशेब मांडून पाहिला. समजा, पाण्याला ताशी तीन किलोमीटरची ओढ आहे, नावाडी ताशी पाचने वल्हवतो आणि खाडी चारशे मीटर रुंद आहे. होडी नाकासमोर धरली, तर पाच मिनिटांच्या आत पैलतीर लागेल खरा, पण धक्क्याच्या दोनशे चाळीस मीटर खाली! ओढीविरुद्ध बेताने तिरकी धरली, तर पाचांतले तीन ओढ मारण्यात खर्ची पडतात आणि पार जाण्यासाठी चार उरतात. मिनिटे लागतात सहा, पण होडी नेमकी धक्क्याला. तोच त्रिकोण! फक्त पाचाची बाजू आता नावाड्याच्या हाती.

रविवारी सकाळी मी ही आकृती एका कागदावर काढून, काही न बोलता, कन्येच्या टेबलावर ठेवली. तिने ती बराच वेळ पाहिली.

"बाबा, बाणांची टोकं राहिली," ती म्हणाली. पेन्सिल घेऊन तिने तिन्ही टोके काढली. मग म्हणाली, "आणि भरती असली तर?"


"तर तूच काढ," मी म्हणालो, आणि खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसलो.