‘आघातोत्तर’ म्हणजे नेमकं कधी? माहुलचा प्रश्न

पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर तणाव विकार. व्हिएतनाम युद्धाच्या अनुभवानंतर १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने तो आपल्या आजारांच्या यादीत घेतला.

शरीरात घडतं ते असं. धोका दिसला की मेंदूतला अमिग्डला हा बदामाच्या आकाराचा भाग घंटा वाजवतो, छाती धडधडते. पुढे कॉर्टिसॉल हे संप्रेरक ही धावपळ आवरायला मदत करतं. पीटीएसडीत धोका टळला तरी घंटा वाजतच राहते. आश्चर्य म्हणजे, न्यूयॉर्कच्या रेचल येहुदा यांना अशा सैनिकांत आणि नाझी छळातून वाचलेल्यांत कॉर्टिसॉल जास्त नव्हे, कमी आढळलं. आपल्या मुंबईतही कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये विदिता वैद्य बालपणीच्या ताणाचा मेंदूवर राहणारा परिणाम अभ्यासतात.

मग आपल्यातल्या एखाद्या मुलीने पीएचडीसाठी हा विषय घेऊन माहुल गाठलं तर?

तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडून हजारो कुटुंबं इथे आणली गेली. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने, रसायनांच्या टाक्या. इथल्या हवेने रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असं राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच म्हटलं होतं. तरी त्यानंतरही माणसं आणली! सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की माहुलमध्ये राहण्याची सक्ती करता येणार नाही. दरमहा १५,००० रुपये भाडं द्या.

तिची पहिली अडचण व्याख्येची. पीटीएसडीच्या निदानाला मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक हिंसा, निदान त्यांची धमकी तरी लागते. नुसतं घरावर बुलडोझर फिरणं त्यात बसत नाही. दुसरी अडचण ‘उत्तर’ या शब्दाची. इथे धोका संपलाय कुठे? खिडकी उघडली की तो आत येतो. त्याला विकार म्हणायचं की शरीराचा शहाणपणा, हे आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही.

तिसरी अडचण प्रयोगशाळेची. धडधड, झोपमोड, श्वास कोंडणं हे भीतीनेही होतं आणि विषारी हवेनेही. नुसत्या माहुलकरांचे नमुने तपासून हे वेगळं काढता येणार नाही. याच जलवाहिनीवरून उठवलेली, पण दुसरीकडे घर मिळालेली कुटुंबंही सोबत तपासावी लागतील.

आणि अहवाल इंग्रजी जर्नलमध्ये छापण्याआधी माहुलच्या इमारतींखाली, मराठी-हिंदीत वाचून दाखवावा लागेल. ‘लोक मनाने कमजोर आहेत’ असा त्याचा अर्थ कुणी काढला, तर उत्तर द्यायला रहिवाशांच्या हातात तो कागद हवा.