विश्लेषण : मादीलाच मिळाले वेगळे नाव! पाणभुंगेऱ्याच्या वर्गीकरणात लिनियसही कसे चकले?

शेपटाकडचे टोक पाण्याबाहेर काढून पंखांखाली हवा भरायची आणि पुन्हा बुडी मारायची, ही 'डायटिस्कस मार्जिनॅलिस' या युरोपीय पाणभुंगेऱ्याची पद्धत. लांबी जेमतेम तीन सेंटीमीटर, पण बेडकाची पिल्ले आणि छोटे मासेही त्याच्या तावडीतून सुटत नाहीत. १७५८ मध्ये कार्ल लिनियस यांनी 'सिस्टिमा नॅचुरी'च्या दहाव्या आवृत्तीत त्याचे नामकरण केले. त्याच पुस्तकात त्यांनी 'डायटिस्कस सेमिस्ट्रिएटस' अशी आणखी एक जाती नोंदवली. प्रत्यक्षात ती मार्जिनॅलिसचीच मादी होती.

गोंधळ का झाला?

नराची पाठ गुळगुळीत, तर अनेक माद्यांच्या पाठीवर उभ्या खाचा असतात. त्यात काही माद्या पुन्हा गुळगुळीतच! नराच्या पुढच्या पायांवर चूषक असतात. समागमावेळी तो त्यांनी मादीला धरतो. खाचांवर ही पकड नीट बसत नाही. नको असलेल्या नराला झटकता यावे म्हणून खाचा उत्क्रांत झाल्या असाव्यात, असे अनेक अभ्यासक मानतात.

सगळेच पाणभुंगेरे एका कुळातले?

नाही. लिनियस यांनी पाण्यातले बरेच भुंगेरे 'डायटिस्कस' या एकाच प्रजातीत कोंबले होते. त्यातला 'पायसियस' आज 'हायड्रोफिलस'मध्ये आहे, तोही वेगळ्या उपगणात. ओळखायचे कसे? पोहताना पाहा. खरा डायटिस्कस मागचे दोन्ही पाय वल्ह्यांसारखे एकाच वेळी मारतो, हायड्रोफिलस आळीपाळीने. डायटिसिडे कुळात आज चार हजारांहून अधिक जाती आहेत.

नावाने काय फरक पडतो?

कायदा नावालाच संरक्षण देतो. याच प्रजातीतील 'डायटिस्कस लॅटिसिमस' सुमारे चार सेंटीमीटरपर्यंत वाढतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या (आययूसीएन) लाल यादीत तो 'असुरक्षित' आहे आणि युरोपीय संघाच्या अधिवास निर्देशात त्याला संरक्षण आहे. मार्जिनॅलिसला मात्र तसे संरक्षण नाही. दोघेही एकाच तळ्यात सापडू शकतात. त्यामुळे सर्वेक्षणात लॅटिसिमसच्या पंखांची बाहेर पसरलेली रुंद, चपटी कड नीट पाहावी लागते.

भारतात काय?

आपल्याकडे 'सिबिस्टर ट्रायपंक्टेटस' आढळतो. कूळ तेच, प्रजाती वेगळी. रात्री दिव्याच्या उजेडाकडेही हे भुंगेरे येतात. ऑलिव्हिए यांनी १७९५ मध्ये त्याचे वर्णन केले, तेव्हा त्याचेही पहिले नाव 'डायटिस्कस'च होते.