‘आरटीएक्स ३०५०’ की ‘आरएक्स ६६००’? स्वस्त ग्राफिक्स कार्डाचा खरा हिशेब

लखनऊ : हजरतगंजला लागून असलेल्या लालबाग भागातील नाझा मार्केट ही उत्तर प्रदेशच्या राजधानीतील संगणक-बाजाराची ओळख. मुंबईत जे स्थान लॅमिंग्टन रस्त्याचे आणि दिल्लीत नेहरू प्लेसचे, तेच येथे नाझा मार्केटचे. तयार संगणक घेण्याऐवजी सुटे भाग निवडून संगणक जोडून घेणारा तरुण ग्राहक अशाच बाजारांत फिरतो. गेमिंगसाठी संगणक घ्यायचा असेल, तर त्याच्या अंदाजपत्रकातील सर्वांत मोठी रक्कम बहुधा ग्राफिक्स कार्डावर खर्च होते आणि निवड चुकण्याची शक्यताही तेथेच सर्वाधिक असते.

कमी खर्चात गेम खेळू इच्छिणाऱ्यांसमोर गेली काही वर्षे दोन नावे हमखास येत आहेत : एनव्हिडिया कंपनीचे ‘जीफोर्स आरटीएक्स ३०५०’ आणि एएमडी कंपनीचे ‘रेडिऑन आरएक्स ६६००’. दोन्हींत आठ जीबी मेमरी, दोन्हींचा वीजवापर जवळपास सारखा आणि अनेकदा किंमतही थोडीफार मागेपुढे. तरीही त्यांची कामगिरी सारखी नाही. शिवाय ‘आरटीएक्स ३०५०’ या एकाच नावाने दोन वेगवेगळी डेस्कटॉप कार्डे बाजारात आहेत. घरात वर्षानुवर्षे साठवलेल्या पैशातून एकदाच होणाऱ्या या खरेदीत खोक्यावरील नावापलीकडे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

कार्ड नेमके काय करते?

फुल एचडी पडद्यावर १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू असतात. हालचाल सलग भासावी यासाठी सेकंदाला साधारण ६० चित्रे, म्हणजेच फ्रेम, तयार व्हाव्या लागतात. याचा अर्थ कार्डाला दर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख बिंदूंचे रंग ठरवावे लागतात आणि प्रत्येक फ्रेमसाठी त्याच्या हाती जेमतेम १६.७ मिलिसेकंद असतात. फ्रेम वेळेत तयार झाली नाही की चित्र अडखळते. त्यामुळे कार्डाची तुलना करताना सरासरी फ्रेमसंख्येबरोबरच सर्वांत अवघड प्रसंगी ती किती खाली जाते, हेही पाहिले जाते. सरासरी ७० असूनही मध्येच ३० वर घसरणारे कार्ड प्रत्यक्ष खेळताना सरासरी ६० वर स्थिर राहणाऱ्या कार्डापेक्षा त्रासदायक वाटते.

कागदावरचे आकडे आणि प्रत्यक्ष

‘आरएक्स ६६००’ ऑक्टोबर २०२१ मध्ये ३२९ डॉलर या घोषित किमतीला, तर ‘आरटीएक्स ३०५०’ जानेवारी २०२२ मध्ये २४९ डॉलरला बाजारात आले. दोन्हींत आठ जीबी जीडीडीआर-६ मेमरी, १२८ बिटचा मार्ग आणि सेकंदाला २२४ जीबी माहिती वाहून नेण्याची क्षमता आहे. गणना करणाऱ्या गाभ्यांची संख्या मात्र ‘३०५०’ मध्ये २,५६० आणि ‘६६००’ मध्ये १,७९२ आहे. केवळ हे आकडे पाहिल्यास ‘३०५०’ सरस वाटावे, पण प्रत्यक्षात उलट घडते.

याचे कारण असे की, दोन कंपन्यांच्या गाभ्यांची रचनाच भिन्न असल्याने त्यांच्या संख्येची थेट तुलना होत नाही. ‘६६००’ ची चिप तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या सात नॅनोमीटर प्रक्रियेवर बनते आणि बऱ्याच अधिक वेगाने चालते. शिवाय चिपवरच ३२ एमबीची जलद साठवण आहे. स्वयंपाक करताना प्रत्येक जिन्नस कोठीतून आणण्याऐवजी मसाल्याचा डबा ओट्यावर हाताशी असावा, तसा तिचा उपयोग होतो. वारंवार लागणारी माहिती तेथेच मिळाल्याने मुख्य मेमरीकडे जाण्याच्या खेपा कमी होतात.

परिणामी फुल एचडी पडद्यावर, किरणांचा माग काढणारे ‘रे ट्रेसिंग’ बंद ठेवून घेतलेल्या चाचण्यांत ‘६६००’ सरासरीने एक चतुर्थांश ते एक तृतीयांश पुढे राहते. ज्या गेममध्ये ‘३०५०’ सेकंदाला ६० फ्रेम देते, तेथे ‘६६००’ कडून साधारण ७५ ते ८० फ्रेमची अपेक्षा ठेवता येते.

एनव्हिडियाची बाजू

तथापि, वेग हाच एकमेव निकष नाही. एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांवर ‘डीएलएसएस’ हे तंत्र चालते. त्यात गेमचे चित्र आधी कमी बिंदूंत तयार होते आणि नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने मोठे केले जाते. फुल एचडीसाठी ‘क्वालिटी’ पर्याय निवडल्यास प्रत्यक्षात १,२८० गुणिले ७२० बिंदूंचेच चित्र रंगवावे लागते. काम निम्म्याहून कमी झाल्याने फ्रेम वाढतात. जानेवारी २०२५ मध्ये आलेली या तंत्राची सुधारित आवृत्ती जुन्या आरटीएक्स कार्डांनाही मिळाली. नव्याने फ्रेम घडवणारी ‘फ्रेम जनरेशन’ सुविधा मात्र ‘३०५०’ ला मिळत नाही.

एएमडीचे ‘एफएसआर’ हे तत्सम तंत्र ‘६६००’ वर चालते. परंतु त्याची कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित चौथी आवृत्ती एएमडीने २०२५ मध्ये आपल्या नव्या ९००० मालिकेसाठी आणली. त्यामुळे मोठे केलेल्या चित्राच्या स्पष्टतेत ‘३०५०’ वरचढ ठरते. रे ट्रेसिंगची यंत्रणा दोन्ही कार्डांत असली, तरी या किमतीच्या गटात तिचा भार दोघांनाही झेपत नाही. केवळ त्यासाठी अधिक पैसे मोजणे शहाणपणाचे नाही.

आणखी एक मुद्दा अभ्यासाचा आहे. यंत्रशिक्षण आणि त्रिमितीय चित्रणाच्या अनेक प्रणाली एनव्हिडियाच्या ‘कुडा’ मंचावर आधारित आहेत आणि तो मंच त्याच कंपनीच्या कार्डांसाठी आहे. अभियांत्रिकी किंवा अॅनिमेशनच्या विद्यार्थ्याला दिवसा अभ्यास आणि रात्री गेम अशा दोन्हींसाठी एकच संगणक घ्यायचा असेल, तर ‘३०५०’ चा विचार समर्थनीय ठरतो.

नाव एक, कार्डे दोन

फेब्रुवारी २०२४ मध्ये एनव्हिडियाने १६९ डॉलर किमतीचे सहा जीबी मेमरी असलेले ‘३०५०’ आणले. नाव तेच असल्याने फरक केवळ दोन जीबीचा आहे, असा समज होतो. तो खरा नाही. या कार्डात २,३०४ गाभे आहेत, मेमरीचा मार्ग १२८ वरून ९६ बिटवर आणि माहिती वाहण्याची क्षमता सेकंदाला २२४ वरून १६८ जीबीवर आली आहे. गेममधील वेग आठ जीबीच्या कार्डापेक्षा साधारण १५ ते २० टक्के कमी पडतो. नव्या गेमना आता आठ जीबीही अपुरी पडू लागली असताना सहा जीबीवर चित्राची गुणवत्ता आणखी खाली आणावी लागते. लॅपटॉपमधील ‘३०५०’ तर याहून वेगळे असते. दुकानात दर विचारताना म्हणूनच ‘३०५०’ एवढेच न म्हणता ‘आठ जीबी की सहा जीबी’ हे विचारणे आणि बिलावर ते लिहून घेणे आवश्यक आहे.

मात्र या लहान कार्डाची स्वतःची एक जागा आहे. ते कमाल ७० वॅट वीज घेते. मदरबोर्डवरील खाचेतून ७५ वॅटपर्यंत वीज मिळत असल्याने त्याला वेगळी वीजजोडणी लागत नाही. आठ जीबीचे ‘३०५०’ १३० वॅट आणि ‘६६००’ १३२ वॅट घेते. त्यांना एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधील वीजपुरवठ्याच्या डब्यातून, स्वतंत्र जोडणी द्यावी लागते. कार्यालयांतून निघालेल्या जुन्या संगणकांत किंवा स्वस्त कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसमध्ये ही जोडणी बहुधा नसते. उत्पादकांच्या शिफारशीनुसार ‘६६००’ साठी ४५० वॅटचा, आठ जीबीच्या ‘३०५०’ साठी ५५० वॅटचा, तर सहा जीबीच्या कार्डासाठी ३०० वॅटचा एसएमपीएस पुरेसा असतो.

प्रतिफ्रेम किती रुपये?

किफायतशीरपणा मोजण्याची सोपी रीत म्हणजे किमतीला सरासरी फ्रेमसंख्येने भागणे. बाजारातील दर सतत बदलत असल्याने पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, ‘६६००’ ची किंमत २१ हजार रुपये आणि आठ जीबीच्या ‘३०५०’ ची १९ हजार रुपये आहे. पहिले ७७ आणि दुसरे ६० फ्रेम देते. तर ‘६६००’ ची एक फ्रेम सुमारे २७३ रुपयांना, तर ‘३०५०’ ची सुमारे ३१७ रुपयांना पडते. म्हणजे दोन हजार रुपयांनी स्वस्त असलेले कार्डच प्रत्यक्षात महाग ठरते. बरोबरी साधण्यासाठी ‘३०५०’ ची किंमत १६,४०० रुपयांच्या आसपास यावी लागेल.

आता याच उदाहरणात जुना संगणक घेऊ. ‘६६००’ बसवण्यासाठी ३,५०० रुपयांचा नवा एसएमपीएस घ्यावा लागला, तर एकूण खर्च २४,५०० रुपये आणि प्रतिफ्रेम खर्च ३१८ रुपये होतो. त्याच संगणकात १६ हजारांचे सहा जीबी ‘३०५०’ काहीही न बदलता बसते आणि ५० फ्रेम देते. म्हणजेच प्रतिफ्रेम ३२० रुपये. नव्या संगणकात स्पष्टपणे मागे असलेले कार्ड जुन्या संगणकात बरोबरीला येते. ते कोणत्या यंत्रात बसणार, यावरही त्याचे मोल ठरते.

वीजबिलातील फरक तुलनेने किरकोळ आहे. रोज चार तास खेळल्यास ७० आणि १३० वॅटच्या कार्डांत महिन्याला सुमारे सात युनिटचा फरक पडतो. प्रतियुनिट साडेसहा रुपये धरल्यास तो ४७ रुपयांच्या आसपास जातो. त्यापेक्षा उत्तर भारतातील उन्हाळ्याचा विचार अधिक महत्त्वाचा आहे. मे-जूनमध्ये पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि हवेत धूळ असते. अशा वेळी एका पंख्याच्या स्वस्त आवृत्तीपेक्षा दोन पंख्यांची आवृत्ती आणि हवा खेळती ठेवणारे कॅबिनेट उपयोगी पडते.

सॉफ्टवेअरचे आयुष्य

कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर किती वर्षे अद्ययावत राहील, हाही किमतीचाच भाग आहे. ऑक्टोबर २०२५ अखेर एएमडीने ५००० आणि ६००० मालिकांचे सॉफ्टवेअर नव्या कार्डांपासून वेगळ्या शाखेत नेले. त्यावर टीका झाल्यानंतर या कार्डांना नव्या गेमसाठीचे साहाय्य मिळत राहील, असा खुलासा कंपनीने केला. ‘६६००’ त्यामुळे निरुपयोगी होत नाही, परंतु नव्या सुविधांची अपेक्षा त्याच्याकडून फारशी ठेवता येणार नाही.

खरेदी करताना

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची कार्यपद्धती बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर ते ‘खणण्याचे’ काम थांबले. त्यानंतर रात्रंदिवस चाललेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. जुने कार्ड घेताना ते समोर अर्धा तास तरी चालवून पाहावे. जुन्या चिपवर नव्या कार्डाचे नाव चढवून विकण्याचे प्रकारही घडले आहेत. ‘जीपीयू-झेड’ या मोफत सॉफ्टवेअरने चिपची खरी ओळख तपासता येते. नव्या कार्डावर १८ टक्के जीएसटी लागतो. तो वाचवण्यासाठी बिनबिलाचा व्यवहार केल्यास वॉरंटीचा दावा करणे अवघड होते. बिलावर पूर्ण नाव, मेमरी आणि अनुक्रमांक असावा. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर ती नोंदवता येते.

सारांश असा की, नवा संगणक जोडायचा आहे, उद्देश केवळ गेमिंग आहे आणि दोन्हींच्या किमती जवळपास आहेत, तर ‘आरएक्स ६६००’ अधिक लाभाचे आहे. अभ्यासासाठी ‘कुडा’ लागत असेल किंवा खेळायचे बहुतेक गेम ‘डीएलएसएस’वर चालणारे असतील, तर आठ जीबीचे ‘आरटीएक्स ३०५०’ घ्यावे. जुन्या संगणकाचा एसएमपीएस बदलणे शक्य नसेल, तरच सहा जीबीचे कार्ड विचारात घ्यावे. आणि ‘व्हॅलोरंट’सारखे हलके गेमच खेळायचे असतील, तर चांगल्या अंगभूत ग्राफिक्सचा प्रोसेसरही पुरेसा ठरतो. तेव्हा यांपैकी एकही कार्ड न घेता ती रक्कम अधिक रॅम, एसएसडी किंवा चांगल्या पडद्यासाठी वापरता येईल.