पेन्सिलीने लिहिलेला हंगाम

बेसबॉलचा सामना सुरू व्हायच्या आधी माझं अर्धं काम उरकलेलं असतं. दोन्ही संघांचा बॅटिंगचा क्रम वहीत उतरवायचा, पेन्सिलीला टोक काढायचं आणि प्रत्येक नावापुढे त्याचा नंबर टाकायचा. हा नंबर जर्सीवरचा नव्हे, जागेचा. पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप ६ आणि मागे आउटफिल्डमध्ये डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. एकदा हे डोक्यात बसलं की ‘६-४-३’ एवढ्यात अख्खा डबल प्ले कागदावर येतो: शॉर्टस्टॉपने चेंडू उचलला, सेकंडला दिला, तिथून फर्स्टला गेला, दोघं बाद.

मी ॲथलेटिक्सची चाहती. संघ ओकलंडमध्ये होता तेव्हापासूनची. ५७ हंगाम तिथे काढून, १९७२ ते ७४ अशा सलग तीन वर्ल्ड सिरीज आणि पुढे १९८९ची आणखी एक जिंकून, २०२४च्या सप्टेंबरनंतर या संघाने गाशा गुंडाळला. लास व्हेगासचं नवं स्टेडियम होईपर्यंत मुक्काम वेस्ट सॅक्रमेंटोत, मायनर लीगच्या छोट्याशा सटर हेल्थ पार्कमध्ये. नावामागे कुठल्याही शहराचं नाव नाही, नुसतंच ‘ॲथलेटिक्स’. ओकलंडकर मित्रमैत्रिणींनी रागाने संघ सोडला. त्यांना मी दोष देत नाही. माझ्याच्याने ते झालं नाही, म्हणून २०२५चा हंगामही वहीत आहे. काही सामने मैदानावर बसून, बाकीचे घरी टीव्हीसमोर.

शाळेत असताना भावाच्या क्रिकेट सामन्यांचं स्कोअरबुक मी लिहीत असे, त्यामुळे या वहीची भीती वाटली नाही. पण दोन्हींत फरक आहे. क्रिकेटच्या पानावर चेंडू कसा टाकला गेला ते गोलंदाजाच्या रकान्यात दिसतं, पण बाद करणारा झेल सोडला तर क्षेत्ररक्षक पानावर जवळजवळ नसतोच. इथे आडव्या ओळीत बॅटर, उभ्या रकान्यात इनिंग, आणि प्रत्येक घरात एक बारीक चौकट. बॅटर फर्स्टला पोचला की चौकटीची एक बाजू गिरवायची, सेकंडला गेला की दुसरी. घरी परतला, म्हणजे रन झाला, की चौकट आतून भरून टाकायची. स्ट्राइकआउटला के. बॅट न हलवता नुसता बघत उभा राहून बाद झाला तर उलटा के. तो काढताना थोडा आसुरी आनंद होतो, हे कबूल.

या पद्धतीचं मूळ ज्याच्याकडे जातं तो हेन्री चॅडविक क्रिकेटच्याच गावचा. जन्म १८२४चा, इंग्लंडमधल्या एक्सेटरचा. लहानपणीच अमेरिकेत आला, न्यूयॉर्कला क्रिकेटच्या बातम्या लिहू लागला आणि मग बेसबॉलकडे वळला. वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या बॉक्स स्कोअरला रूप दिलं ते त्याने.

सामना संपल्यावर ताळा जमवावा लागतो. बॅटिंगला येणारा प्रत्येक जण तीनपैकी एकाच ठिकाणी जातो: रन करतो, बाद होतो, नाहीतर इनिंग संपताना बेसवर अडकून पडतो. तेव्हा एका संघाचे रन, बाद आणि अडकलेले यांची बेरीज बॅटिंगला आलेल्यांच्या एकूण संख्येइतकी यायलाच हवी. एकाचा जरी फरक पडला तर कुठेतरी घर गाळलंय म्हणून समजा. मग पहिल्या इनिंगपासून बोट ठेवत जायचं.

वही लिहिणाऱ्याची मतं हायलाइट्स बघणाऱ्याच्या मतांशी जुळत नाहीत, असा माझा अनुभव आहे. मेसन मिलरचंच घ्या. ताशी १०० मैलांच्या वर सहज पिच टाकणारा क्लोजर. नवव्या इनिंगला तो आला की लोक उभे राहायचे. ३१ जुलैला त्याला सॅन डिएगोला देऊन टाकलं तेव्हा केवढा आरडाओरडा झाला! माझ्या पानावर मिलर म्हणजे शेवटच्या रकान्यातली तीन-चार घरं, तीही संघ थोडक्यात पुढे असेल त्या दिवशी. मे महिन्यात आपण लागोपाठ ११ सामने हरलो. हरणाऱ्या संघाला क्लोजर काय कामाचा? राखायला आघाडी तर हवी. बदल्यात पिचर मिळाले, शिवाय लिओ डी व्ह्रीस हा अठरा वर्षांचा शॉर्टस्टॉप मिळाला. सौदा चांगला झाला, असं मी तेव्हाही म्हणत होते.

कारण सहा हा आकडा पानभर असतो. समोरच्या संघाचं पान उघडा: ६-३, ६-३, ४-६-३, पुन्हा ६-३. आपला सहा म्हणजे जेकब विल्सन, बाप जॅक विल्सनसुद्धा पिट्सबर्गचा शॉर्टस्टॉप. पोराच्या स्वतःच्या बॅटिंगच्या ओळीत के शोधावा लागतो. पहिल्याच पूर्ण हंगामात .३११ची सरासरी, आणि ऑल-स्टार सामन्यात सुरुवातीच्या नऊंत जागा. याच्या उलट ब्रेंट रूकर. तो बहुतेक वेळा नुसता बॅटिंगला उतरतो, डेझिग्नेटेड हिटर म्हणून, त्यामुळे समोरच्या संघाच्या पानावर त्याचा मागमूस नसतो. पण १६२ पैकी एकही सामना त्याने चुकवला नाही. अशा माणसाचं मोल पाच-सहा पानांवर कळत नाही, वही भरत आल्यावर कळतं.

वहीवर माझा रागही आहे. ९ जूनला अनाहाइममध्ये डेन्झेल क्लार्कने सेंटर फील्डच्या भिंतीवर चढून, कमरेपर्यंत पलीकडे लोंबकळत, होमरन ठरणारा चेंडू अक्षरशः ओढून आणला. मी ओरडले, शेजारच्या खोलीतून लेक धावत आली. आणि वहीत काय लिहिलं? ८. सरळ हातात आलेल्या सोप्या झेलालाही ८ आणि यालाही ८! मी शेजारी एक चांदणी काढली. नियमात बसत नाही, पण वही माझी आहे. त्याच क्लार्कची बॅटिंगची ओळ मात्र के, के, के अशी चालते. तरीही सेंटरला मला तोच हवा. एवढ्या कच्च्या पिचिंगमागे चांगला आठ नंबर नसेल तर चेंडू भिंतीपर्यंत पळतच राहणार.

आणि निक कर्ट्झ. २५ जुलै, ह्यूस्टन. ते पान मी कितीदा तरी उघडून बघितलंय. एका ओळीत सहा घरं: सिंगल, होमरन, भिंतीवर आदळलेला डबल, मग होमरन, होमरन, होमरन. सहाही चौकटी काळ्या, कारण सहाही वेळा तो घरी परतला. शेवटचा होमरन पिचिंगला आणलेल्या एका आउटफिल्डरच्या चेंडूवर होता हे खरं. ह्यूस्टनने सामना सोडून दिला होता. म्हणून काय झालं? एका सामन्यात चार होमरन मारणारा नवखा खेळाडू त्याआधी मेजर लीगमध्ये झालाच नव्हता. हंगामाअखेर अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवा खेळाडू म्हणून एकूण एक मतं त्यालाच पडली, दुसरा आला तो विल्सन. शहर नसलेल्या संघाला एकाच वर्षी असे दोघं मिळावेत!

पिचिंगची पानं उघडवत नाहीत. लुईस सेव्हेरिनोला तीन वर्षांचे ६ कोटी ७० लाख डॉलर, क्लबच्या इतिहासातला तोपर्यंतचा सर्वांत मोठा करार. परक्या मैदानावर तो झकास आणि घरच्या मैदानावर मार खाणारा. इथे खेळण्यात मजा नाही, असं त्याने उघड बोलूनही दाखवलं. लोक चिडले. मी चिडले नाही. सॅक्रमेंटोच्या उन्हाळ्यात हवा तापलेली, चेंडू उडत जातो. ड्रेसिंग रूम आउटफिल्डच्या कुंपणापलीकडे, त्यामुळे धुतला गेलेला पिचर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मैदानाच्या कडेने चालत जाणार. पण इतरही पिचर त्याच उन्हात उभे होते, आणि घरचे ८१ सामने तिथेच खेळायचेत हे सही करताना ठाऊक होतं.

७६ जिंकले, ८६ हरले. पुढच्या हंगामाबद्दल मला विचाराल तर बॅटिंगला हात लावू नका. क्लार्कला रोज सेंटरला उभा करा, के मोजत बसू नका. पैसा असेल तो सगळा दोन चांगल्या स्टार्टरवर घाला, आणि क्लोजरच्या वाटेला तर जाऊच नका.